पिठाच्या डब्यातला बूट

आमच्या दुकानात कुणी आत आलं की आम्ही आधी त्याचे पाय बघतो. तोंडाचं नंतर. लोकांना वाटतं, काय नम्र माणसं आहेत, मान वर करून बोलत नाहीत. कसलं नम्र न् कसलं काय! टाच आतून झिजलीय की बाहेरून, डावा पाय ओढतो का, बूट स्वतःचे आहेत की कुणाचे मागून आणलेत, हे दाराची घंटी वाजायची थांबेपर्यंत आम्हाला कळलेलं असतं. ही सवय आजोबांपासूनची. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, म्हणून घरातलेही अण्णाच म्हणायचे. दुकान अण्णांनी काढलं, मग ते बाबांकडे आलं, आणि आता गल्ल्यावर मी बसते. बाबांचं वय झालंय, पण त्यांना घरी बसवायची कुणाची टाप आहे? सकाळी येतात, खिडकीखालच्या बुटक्या स्टुलावर बसतात, आरी आणि मेण लावलेला दोरा हातात घेतात, आणि जेवायला हाक मारेपर्यंत हलत नाहीत.

दुकानाच्या वर आमचं घर आणि त्या घरावर आत्याचं राज्य. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन गेली, नवरा वारला, परत आली, आणि आली ती आमचे सगळ्यांचे कान धरूनच. दुपार कलली की ती कप घेऊन जिना उतरते, आमच्या शेगडीवर चहा करते आणि बाबांच्या शेजारी बसून त्यांच्याशी भांडते. विषय कुठलाही चालतो. एकदा तर खिडकीतल्या मांजराची ही पहिली वीण की दुसरी यावरून दोघांनी अबोला धरला होता. तो अबोला दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत टिकला. भांडण चुकलं तर दोघांनाही जेवण जात नाही.

आमच्याकडे फर्म्यांची एक रीत आहे. फर्मा म्हणजे पायाच्या मापाचा लाकडी साचा, त्यावर चामडं ताणून बूट शिवायचा. गिऱ्हाइकांच्या फर्म्यांवर आकडे असतात. घरच्या माणसाला आकडा द्यायचा नाही, हा अण्णांचा दंडक. घरच्याला चित्र. ते चित्र अण्णा फर्म्यावर कोरायचे आणि बुटाच्या सोलवरही ठोकायचे, मधल्या खोलगट भागात, जिथे जमीन लागत नाही. आत्याचा मासा. माझी मिरची. मी तेव्हा जेमतेम चालायला लागले होते, तरी अण्णांनी बरोबर ओळखलं. बाबांची होडी. होडीच का, असं मी एकदा विचारलं होतं, तर अण्णा म्हणाले, "मला ती चांगली काढता येते म्हणून." सगळ्यांच्या फर्म्यांच्या जोड्या बाबांच्या डोक्यावर ओळीने टांगलेल्या आहेत, आणि शेवटच्या खिळ्यावर एक जुनी जोडी, भिंतीकडे तोंड करून. तिला हात लावायचा नाही, एवढंच मला लहानपणापासून माहीत होतं.

त्या दिवशी जेवणं उरकून मी नुकतीच खाली येऊन बसले होते, तर घंटी वाजली. पायांत सपाट चपला, आणि एका चपलेचा पट्टा चक्क सेफ्टी पिनेने अडकवलेला. माझं डोकंच फिरलं. चपलाबुटांच्या दुकानात पीन लावून यायचं! मी म्हटलं, "आधी ती काढा. पट्टा शिवून देते, मग काय ते बोला."

बाईंनी निमूटपणे चपला काढल्या आणि अनवाणी उभ्या राहिल्या. लेखिका होत्या. युद्धात हरवलेल्या माणसांवर पुस्तक लिहीत होत्या, सगळं खरंखुरं, घरोघर जाऊन गोळा केलेलं. आमच्या भागातलं ते युद्ध बाबांच्या तरुणपणीचं. नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे एकमेकांच्या जिवावर उठले होते. बोली एकच, झेंडे तेवढे दोन. लेखिकाबाई म्हणाल्या, नदीकाठची जुनी गिरणी पाडताना तिचं बुजलेलं तळघर उघडं पडलं आणि आत एका माणसाची हाडं सापडली. कपड्यांचं काही उरलं नव्हतं, पण एक बूट जवळजवळ शाबूत होता. त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याचा खोका काढून माझ्यापुढे ठेवला.

"याच्या सोलवर एक खूण आहे," त्या म्हणाल्या. "जुन्या बूटवाल्यांकडे विचारत विचारत आले. तुमच्याकडे अशा खुणा करतात म्हणे."

मी बूट उचलला. डाव्या पायाचा होता. चामडं लाकडासारखं कडक झालेलं, पण टाचेवरची शिवण बघितली आणि मी म्हटलं, "अगं बाई, हे तर अण्णांचं काम!" असा तिरका टाका दुसरं कुणी घालत नव्हतं. उलटा केला. खोलगट भागात, नुकती ठोकल्यासारखी स्पष्ट, चंद्रकोर होती. म्हणजे घरच्या माणसाचा बूट. पण चंद्रकोर कुणाची? मी मनातल्या मनात मोजायला लागले, मासा, मिरची, होडी, आईची चिमणी, आणि विचारायला मागे वळले.

बाबा उभे होते. कामाच्या वेळी बाबा उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. चेहरा पांढराफटक.

"आमचा नाही तो," ते म्हणाले.

मी आ वासून बघत राहिले. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून माझे बाबा हवामानाबद्दल खोटं बोलतील, पण बुटाबद्दल? कधीच नाही. काहीतरी बिनसलंय हे लेखिकाबाईंच्याही लक्षात आलं असावं. "घाई नाही," त्या म्हणाल्या, "आज ठेवून जाते. नीट बघा. उद्या सकाळी येईन." पट्टा शिवून झाला होता, त्या चपला घालून गेल्या. बाबांनी दाराला आतून कडी घातली.

"बाबा, काय चाललंय काय? हा अण्णांचा टाका आहे, आंधळ्यालाही कळेल."

बाबा स्टुलावर बसले. मग हात वर करून त्यांनी शेवटच्या खिळ्यावरची ती जोडी काढली, वर्षानुवर्षांची धूळ हाताने पुसली आणि माझ्याकडे फिरवली. तिच्यावर चंद्रकोर होती.

"हा तिच्या दादाचा फर्मा," बाबा म्हणाले. "तुझ्या आत्याच्या. खऱ्या दादाचा."

"खऱ्या म्हणजे?"

"मी या घरचा मुलगा नाही गं."

मला आधी हसूच आलं. इतक्या वर्षांत बाबांनी केलेला हा एकुलता एक विनोद असावा असं वाटलं. मग त्यांचे हात दिसले. फर्म्यांवरची धूळ केव्हाच गेली होती, तरी ते हात ती पुसतच होते. मी खाली, चामड्याच्या तुकड्यांवरच, त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "सांगा."

बाबा नदीपलीकडचे. शत्रूकडचे. तिकडे त्यांचं आधीच कुणी उरलं नव्हतं. गिरणीवर तोफा डागल्या तेव्हा ते जीव वाचवायला तळघरात शिरले, तर आत अलीकडचा एक शिपाई पडलेला होता, साधारण त्यांच्याच वयाचा. वरचा मजला कोसळला आणि बाहेर जायची वाट बंद झाली. "पहिल्यांदा आम्ही एकमेकांवर बंदुका रोखून बसलो," बाबा म्हणाले. "मग त्याची बंदूक आपोआप खाली आली. पोटात लागलं होतं त्याला. मग कसली बंदूक नि कसलं काय. मी माझं पाणी दिलं. तो घरचं सांगत बसला. हे दुकान, ही घंटी, अण्णांचा तिरका टाका, माईचे डोळे, छोटी. इतकं सांगितलं की या गल्लीत मी पहिल्यांदा आलो तेव्हा मला कुणाला घर विचारावं लागलं नाही."

माई म्हणजे माझी आजी. छोटी म्हणजे आत्या.

"तो गेला. जाण्याआधी म्हणाला, घरी सांग. मी शब्द दिला. मग एका कोपऱ्यातली माती उकरत उकरत वाट केली. पण बाहेर सगळे तुमच्या बाजूचे. माझा कोट दिसला असता तर तिथेच गोळी घातली असती. म्हणून त्याचा कोट घातला, टोपी घातली, खिशातली कागदपत्रं तशीच ठेवली. माझं निम्मं तोंड फुटलं होतं, त्यांनी पट्ट्या बांधल्या आणि जखमी म्हणून ट्रकने थेट या गल्लीत आणून सोडलं."

"आणि बूट?"

"बूट मला मोठे होत होते. माझेच घातले."

"पण मग घरी आल्यावर सांगितलं का नाहीत?"

"सांगायलाच आलो होतो!" बाबा एकदम ओरडले, आणि मग आवाज खाली आणला. "दार माईने उघडलं. मोतीबिंदूने तिला धड दिसत नव्हतं. मुलाच्या काळजीने अंथरूण धरलं होतं, अन्न सोडलं होतं, ट्रकचा आवाज ऐकून भिंत धरत धरत दारापर्यंत आली होती. मी तोंड उघडायच्या आधी तिने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, 'आलास?' आता तूच सांग, काय बोलणार? म्हटलं, आज राहू दे, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली. मग जेवायला लागली. मग स्वयंपाकघरात गेली. माझा 'उद्या' काही आला नाही."

"आणि शेजारीपाजारी?"

"गल्ली अर्धी ओस पडली होती. तोंडावर पट्ट्या, वर दाढी. उरलेल्यांना आपापलंच जड झालं होतं."

"अण्णा? अण्णांना कळलं नाही?"

"नाही ना," बाबा म्हणाले. "माझं नशीब. माईने त्याचे घरातले जुने बूट मला घालायला दिले, ते ढगळ. मी पुढे चिंध्या कोंबून चालायचो. अण्णा बघत होते. मला दरदरून घाम फुटला. पण तेच म्हणाले, 'युद्धात पाय आटतात.' आणि नवा फर्मा करून दिला. मग मला आरी धरता येईना, तर म्हणाले, 'युद्धात हात विसरतात.' आणि सगळं काम पहिल्यापासून शिकवलं."

मी बाबांकडे बघतच राहिले. "बाबा. परवा त्या पोस्टमनला तुम्ही काय सांगितलंत? पाय पसरतात, वाढतात, पण आटत म्हणून नाहीत. तास घेतलात त्याचा."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

उभा जन्म पायांची मापं घेतली या माणसाने, पण स्वतःच्या पायांवर एवढा एक प्रश्न त्यांनी कधी येऊ दिला नव्हता. आला असता तर पुढचे सगळे प्रश्न आले असते. मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी त्यांना मिठी मारावीशीही वाटली.

"आईला माहीत होतं?"

"लग्नाआधीच सांगितलं. ती म्हणाली, नाव कुणाचंही असू दे, घोरतोस का तेवढं सांग." बाबांच्या तोंडावर पुसटसं हसू आलं आणि गेलं. "पण छोटीला कसं सांगू? अण्णा-माई गेले, तुझी आई गेली. आता माझ्याशी भांडायला ती एकटीच उरलीय. ज्याची ती बहीण तो तिकडे मातीखाली पडून राहिला, आणि मी इथे त्याच्या जागी बसून तिच्या हातचा चहा पितोय. तिला कळलं तर ती पुन्हा हा जिना उतरायची नाही. चोर म्हणेल मला. आणि खोटं नाही बोलणार ती."

नेमका तेव्हाच जिना वाजला. आत्याची पावलं. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं ना, तसं पुन्हा कुणी बघू नये. मी काही विचार केला नाही. बूट खोक्यात टाकला आणि खोका शेगडीजवळच्या कोळशाच्या पेटीत कोंबून वर कोळसा लोटला. बाबांनी चंद्रकोरीची जोडी घाईघाईने खिळ्यावर अडकवली.

"दुपारचं दाराला कडी कशाला?" आत्या आत येता येताच म्हणाली. तिने माझ्या काळ्या हातांकडे बघितलं, मग बाबांकडे. "आणि तुला काय झालं? भूत बघितलंस का?"

"छे, छे," बाबा म्हणाले.

आत्याने कप ठेवले, शेगडीत डोकावली आणि काही कळायच्या आत पेटीत हात घातला. खोका वर आला. मी स्वतःच्या अकलेला लाख शिव्या घातल्या. चहा करणाऱ्या बाईपासून वस्तू लपवायची, आणि लपवायची कुठे, तर कोळशात!

आत्याने झाकण उघडलं. बूट काढला. तीही बूटवाल्याची मुलगी, तिने तो सरळ उलटा केला. मग ती हळूहळू गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. चंद्रकोरीवरून तिचा अंगठा फिरत राहिला.

"छोटे," बाबा म्हणाले. "मी... तुला... मी तुझा..."

"थांब जरा," आत्या म्हणाली. मग मला विचारलं, "कुठे सापडला?"

मी सांगितलं. गिरणी, तळघर, लेखिकाबाई. ती मान हलवत ऐकत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज ठाम होता.

"म्हणजे गिरणीत होता तो. इतक्या जवळ." तिने नाक पुसलं, गालावर कोळशाचा पट्टा उमटला. मग तिने मान वर केली आणि थेट बाबांकडे बघितलं. "आणि तू? आज तरी सांगणार होतास, की हेसुद्धा कोळशात पुरणार होतास?"

मीच विचारलं, "आत्या, तुला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणजे? पहिल्या दिवसापासून! अगं, हा शहाणा कोट बदलून आला, टोपी बदलून आला, खिशात कागद घेऊन आला. सगळे नाके पार केले याने, कारण नाक्यांवर लोक तोंड नि कागद बघतात. आणि शिरला कुठे? तर बूटवाल्याच्या घरात! पायांत पलीकडच्या फौजेचे बूट घालून!"

बाबांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं.

"त्यांच्या टाचेला लाकडी खुंट्या असायच्या, आपल्याकडे खिळे," आत्या म्हणाली. "माईने याचा हात धरला तेव्हा अण्णा मागे उभे होते. त्यांनी आधी पायच बघितले असणार. त्याच संध्याकाळी ते बूट शेगडीत गेले. आमच्या या शेगडीत. गल्लीत कुणी बघायला नको म्हणून. त्या बुटांचं अण्णांनीच मला नंतर सांगितलं."

"ते तर म्हणाले, सडलेत, उवा झाल्यात," बाबा कसेबसे बोलले.

"चामड्याला उवा होतात का रे गाढवा?"

मला हसू आवरेना. पाय आटतात, बुटांना उवा होतात, आणि माझे बाबा सगळ्याला मान डोलावत राहिले. आत्या मात्र थांबायला तयार नव्हती. इतक्या वर्षांचं तुंबलेलं होतं ते.

"मला तेव्हा मामाकडे ठेवलं होतं. परत आले तर माईच्या शेजारी हा बसलेला. पायाचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब. माझ्या दादाचं तसं नव्हतं. मी 'हा कोण' म्हणून किंचाळणार, तेवढ्यात अण्णांनी मला उचलून इथे खाली आणलं. म्हणाले, 'छोटे, आपला येणार नाही असं दिसतंय. हा त्याचा कोट घालून आलाय, म्हणजे त्याच्याजवळ होता. वाईट असता तर कोट विकून पळाला असता, इथवर आला नसता. तुझी आई जेवायला लागलीय. त्याला सांगवेल तेव्हा तो सांगेल. तोवर आपण विचारायचं नाही.' आणि मी विचारलं नाही. आज सांगेल, उद्या सांगेल. याचं लग्न झालं, मी म्हटलं आता सांगेल. अण्णा गेले, माई गेली, म्हटलं आता तरी. अरे, किती वाट बघायला लावायची माणसाने!"

"मला वाटलं, तुला कळलं तर तू..." बाबांनी मान खिडकीकडे वळवली. "मला वाटलं, तू मला चोर म्हणशील."

"चोर! चोराला कुणी मापाचे बूट शिवून देतं का?" आत्या उठली आणि तिने बाबांच्या डोक्यावरचा होडीचा फर्मा खाली ओढला. "हे काय आहे? होडी का काढली अण्णांनी? नदी ओलांडून आलास म्हणून! घरच्याला चित्र, परक्याला आकडा. तुला आकडा दिला का त्यांनी? रोज डोक्यावर टांगलेलं होतं, कधी वर बघितलंस का?"

बाबांनी फर्मा हातात घेतला. होडीवरून बोट फिरवलं. आणि मग माझे बाबा, आई गेली तेव्हाही आत जाऊन रडलेले माझे बाबा, तिथेच हुंदके देऊन रडायला लागले. ते रडणं दुःखाचं नव्हतं, हे मला ऐकूनच कळलं. कुणीतरी पाठीवरचं पोतं उतरवून घेतल्यावर माणूस वाकलेलाच राहतो ना क्षणभर, तसे ते वाकून बसले होते. आत्या त्यांच्या पाठीवर थोपटत राहिली. माझाही जीव भांड्यात पडला. मी उठून चहाचं आधण ठेवलं, कारण कुणीतरी ठेवायलाच हवं होतं.

"माईला कळलं होतं का गं?" बाबांनी नाक पुसत विचारलं.

"देव जाणे. एकदा म्हणाली होती, 'हा पोरगा हाक न मारता सकाळी उठतो, युद्धाने याला वळण लावलं.' आणि गालात हसली. त्याचा काय अर्थ लावायचा तो लाव." आत्या पुन्हा बाकावर बसली आणि तिने तो बूट मांडीवर घेतला. मग तिचा आवाज एकदम लहान झाला. "तूही मग विचारलं का नाहीस म्हणशील. अण्णांचा शब्द होता, हे खरं. पण मला भीतीही वाटायची. विचारलं आणि तू उठून निघून गेलास तर? एक दादा गेला होता. दुसरा घालवायचा नव्हता मला."

चहा उकळत होता. मी तो उतरवायला विसरले.

"छोटे," बाबा म्हणाले, "तुझ्यासाठी त्याचा निरोप आहे."

आत्याचा अंगठा थांबला.

"तोच सांगायला आलो होतो. मीच तुझा दादा झालो, मग तो तुला सांगू कसा? रोज मनात घोकला, एक शब्द विसरलो नाही. जायच्या दिवशी तू त्याचा डावा बूट लपवला होतास."

"पिठाच्या डब्यात," आत्या पुटपुटली. "एका बुटाने कसा जाईल, असं वाटलं होतं मला. त्याला सापडला. सगळा कोट पिठाने माखला. त्याने मला एक थप्पड दिली आणि गेला. मागे वळूनही बघितलं नाही." तिने मान खाली घातली. "रागावून गेला तो माझ्यावर."

"नाही गं. तळघरात तेच सांगून हसत होता, पोट दुखतंय म्हणत होता आणि हसत होता. म्हणाला, छोटीला सांग, मी रागावलो नाहीये. वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर गेलोच नसतो. आणि सांग, वेडाबाई, पिठाच्या डब्यात काय लपवतेस, कोळशाच्या पेटीत लपवायचा. हात काळे होतात म्हणून मी तिथे कधीच हात घातला नसता. घरी राहिलो असतो."

आत्याने आपल्या काळ्याकुट्ट हातांकडे बघितलं. मग मांडीवरच्या बुटाकडे. डावाच होता तो. तिने बूट छातीशी धरला आणि ती रडली, मोठ्याने, लहान मुलीसारखी, आणि रडता रडता हसायला लागली. "कोळशात," ती म्हणत राहिली, "कोळशात हात घालायचा नाही तो, खरंच! आळशी मेला!" आम्ही तिघंही हसत होतो आणि रडत होतो, आणि चहा उतू जाऊन शेगडी फसफसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेखिकाबाई आल्या. आत्या आधीच खाली येऊन बसली होती, चांगले कपडे घालून. "बूट माझ्या थोरल्या भावाचा आहे," तिने सांगितलं. "त्याला इकडे आणायचंय. दगडावर त्याचं नाव घालायचंय."

लेखिकाबाईंनी बाबांकडे बोट केलं. "आणि हे?"

"हा दुसरा भाऊ," आत्या म्हणाली. "याची गोष्ट तुम्हाला हवी असेल तर याला विचारा. सांगायला जरा वेळ लावतो, तेवढं सांभाळून घ्या."

त्या गेल्यावर बाबा खाली मान घालून टाके घालत बसले. मी ओळखलं, त्यांच्या मनात काय आहे. नाव ज्याचं त्याला परत जाणार होतं. मग उरलं काय? आत्यानेही ओळखलं असावं. वर जाता जाता तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझं पलीकडचं नाव काय रे?" बाबांनी ते इतक्या हळू सांगितलं की मला दोनदा विचारावं लागलं. छान नाव होतं. आत्या ते घोकत घोकत जिना चढली.

दुपार कलली तेव्हा ती खाली आली नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवरून तिने हाक मारली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. त्याच पलीकडच्या नावाने. बाबांनी मानही वर केली नाही, टाका घालत राहिले. तिने पुन्हा हाक मारली.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हालाच बोलावतेय ती."

बाबांचा हात थांबला. आरी त्यांनी खाली ठेवली. क्षणभर ऐकत राहिले, आवाज नीट पटवून घेतल्यासारखे. मग उठले, आणि जिन्याकडे बघून म्हणाले, "आलो गं, छोटे. आलो."